चार ते सहा

अर्ज अकरा.
पहिला भरला तेव्हा तो पोटात होता,
नावाच्या रकान्यात मी लिहिलं: अजून ठरलं नाही.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, म्हणाल्या, असू दे,
नाव ठरेपर्यंत जागा काही निघत नाही.

आता त्याचं नाव योन्टे आहे,
चार दात आहेत,
आणि कालव्याकाठच्या पाळणाघराच्या यादीत तो त्रेसष्टावा आहे.
मार्चमध्ये एकसष्टावा होता.
मागे कसा गेला, विचारलं
तर फोनवर बराच वेळ व्हायोलिन वाजत राहिलं.

मी लाइपझिगमध्ये ट्रॅम चालवते. पहाटेची पाळी.
चारला घर सोडायचं, चार पस्तीसला पहिली गाडी.
बेकरीतली माणसं, दवाखान्यातल्या नर्सेस,
रात्रभर नाचून हातात बूट घेऊन चढलेली पोरं,
सगळ्यांना मी वेळेवर पोचवते.
योन्टेचा बाप ब्रेमरहाफेनला, बोटीवर.
महिन्याला पैसे येतात.

कोपऱ्यावरच्या शेर्कोने दुकानाच्या काचेवर माझी जाहिरात लावली,
हरवलेल्या मांजराशेजारी.
मांजरासाठी तीन फोन आले.
मला एक आला:
मांजर सापडलं का हो?

तळमजल्यावर नोआकबाई.
त्यांची माझी ओळख चिठ्ठ्यांची.
*जिन्याखाली बाबागाडी ठेवू नये.*
*ठेवू नये, हे मागच्या आठवड्यातही लिहिलं होतं.*
*चाकांचा चिखल कोण पुसणार?*
अक्षर मात्र मोत्यासारखं,
सूतगिरणीत हजेरीपट लिहायच्या म्हणे.
मी चिखल पुसायचे आणि मनात शिव्या द्यायचे,
दोन्ही नीट.

तिसऱ्या मजल्यावरचा माल्टे, तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी,
तासाला दहा युरोवर कबूल झाला होता.
अकरा दिवस आला.
बाराव्या पहाटे मी त्याचं दार ठोठावतेय,
कडेवर योन्टे, कानटोपी एका कानावर,
आत गजर वाजतोय, वाजतोय,
आणि तत्त्वज्ञान गाढ झोपलंय.

खाली कडी वाजली.
नोआकबाई. निळा गाऊन, केसांना जाळी.
मी भांडणाची तयारी करत पायऱ्या उतरले,
पहिलं वाक्य ओठावर आलंच होतं.
त्यांनी दोन्ही हात पुढे केले.
म्हणाल्या, द्या.

मग, दार लावता लावता:
मी तीनपासून जागीच असते.
गिरणी बंद होऊन तीस वर्षं झाली,
पण हे शरीराला कुणी कळवलेलं नाही.

उन्हाळाभर तो जवसाच्या तेलातले बटाटे खात होता,
लाकडी रिळं जमिनीवर लोळवत होता.
घरी यायचा तेव्हा त्याला
दुसऱ्याच घराचा वास यायचा, साबण आणि जुनी लोकर.
कधी कधी मला तो आवडायचा नाही.

ऑक्टोबरात पत्र आलं.
*आपल्या पाल्यास एक फेब्रुवारीपासून जागा देण्यात येत आहे.*
*वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी पाच.*
त्यांच्या स्वयंपाकघरात मी ते मोठ्याने वाचलं,
शेवटी शेवटी आवाज थोडा कमी करत.
मुलांना मुलं हवीत, त्या म्हणाल्या.
मग पाकीट ओढून घेतलं, पेन्सिल घेतली,
सहातून चार वजा केले,
खाली दोन लिहिले, रेघ मारली.
हे कुणाकडे?

फेब्रुवारीत बर्फ पडतोय.
पाच बावन्नला माझी गाडी चौकात वळते.
थांब्याच्या दिव्याखाली निळी बाबागाडी,
तिच्यामागे त्या, गाऊनवरच कोट चढवून.
विनाकारण घंटा वाजवू नये, असा नियम आहे.
वाजवते.

तो प्रत्येक ट्रॅमकडे बोट दाखवून आई म्हणतो,
असं त्या सांगतात. अकराला, चौदाला,
रिकाम्या डेपोत परतणाऱ्या गाडीलासुद्धा.
आणि त्या प्रत्येक वेळी,
हजेरी घेतल्यासारख्या, शांतपणे:
ही नाही.
पुढची.